गणिताच्या अंगणातील कवी : भास्कराचार्य

गणित आणि मी यांचे वैर जुने आहे. शालान्त परीक्षेत पहिल्या खेपेस गणितात नापास झालो, दुसऱ्या खेपेस काठावर तरलो, आणि निकालाचा कागद हाती पडताच कला शाखेचा रस्ता धरला. आमच्या एका सरांनी भर वर्गात सांगून टाकले होते, की आकड्यांचे डोके वेगळे आणि शब्दांचे डोके वेगळे. तुझ्याजवळ पहिले नाही, तेव्हा दुसरे तरी आहे का ते पाहा. ते वाक्य मनात रुतून बसले. पुढे कॉलेजात मराठीच्या तासाला वृत्ते शिकताना, लघु-गुरूंच्या खुणा करताना मला आनंद होई; पण मनाच्या एका कोपऱ्यात आपण पळून आलेले शिपाई आहोत ही बोचणी कायम असे.

अशा माणसाने एका गणितज्ञाचे चरित्र लिहायला घ्यावे, याचे वाचकांना आश्चर्य वाटेल. मलाही वाटले. वृत्तांच्या तासाला एकदा आमच्या प्राध्यापकांनी सहज विचारले, की चोवीस अक्षरांच्या गायत्री छंदाचे लघु-गुरूंच्या मांडणीने एकूण किती प्रकार होतील? वर्ग गप्प. मग त्यांनी सांगितले, की हा प्रश्न कवितेच्या पुस्तकातला नव्हे, गणिताच्या पुस्तकातला आहे. पुस्तकाचे नाव ‘लीलावती’, आणि लेखक भास्कराचार्य. त्या दिवशी मी ग्रंथालयातून ना. ह. फडके यांचे ‘लीलावती पुनर्दर्शन’ घरी आणले. जे वाचले, समजून घेतले आणि जे मनाला भिडले, तेच येथे सांगतो आहे.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मधला, म्हणजे इसवी सन १११४ चा. हे साल त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवले आहे; पण आकड्यांत नव्हे, शब्दांत. सहा रस, तीन गुण, शून्य आणि एक पृथ्वी असे शब्द त्यांनी ओळीने मांडले. एककापासून डावीकडे वाचत गेले की १०३६ उभे राहतात. आपल्या जन्मवर्षाची अशी नोंद करणाऱ्या माणसाविषयी मला पहिल्याच भेटीत जिव्हाळा वाटला. त्यांचे गाव विज्जलविड. सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले. हे गाव नेमके कोणते, याविषयी विद्वानांत एकमत नाही. कोणी विजापूर म्हणतात, कोणी बीड, तर कोणी चाळीसगावजवळच्या पाटणचा परिसर. वडील महेश्वर हे स्वतः ज्योतिषी, आणि तेच भास्कराचार्यांचे गुरू. या घराण्याची वंशावळ पाटणच्या शिलालेखात दिली आहे. तीत मूळ पुरुष त्रिविक्रम हा कविचक्रवर्ती म्हणून गौरविला आहे, आणि महेश्वरांना कवीश्वर म्हटले आहे. म्हणजे या घरात पंचांग आणि काव्य एकाच ओसरीवर नांदत होते. शब्दांचे डोके आणि आकड्यांचे डोके यांची वाटणी तेथे कोणी केली नव्हती.

वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० साली, भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ हा ग्रंथ पुरा केला. त्याचे चार भाग : लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. पहिल्यात अंकगणित व भूमिती, दुसऱ्यात अव्यक्ताचे गणित, तिसऱ्यात ग्रहांच्या गती, चौथ्यात पृथ्वीच्या व आकाशाच्या गोलाचा विचार. हे सारे पद्यात! आजच्या विद्यार्थ्याला हे विचित्र वाटेल. गणिताच्या पुस्तकात कविता कशाला? त्याचे उत्तर त्या काळच्या विद्येच्या रीतीत आहे. पोथी दुर्मिळ, विद्या मुखोद्गत करायची. पद्य असले की पाठ होते. शिवाय पद्य राखणदारही असते. नुसता आकडा नकलताना एक अंक चुकला तर चूक ध्यानात येत नाही. पण श्लोकातला शब्द चुकला तर वृत्त अडखळते, आणि कान लगेच जागा होतो.

यासाठी आकड्यांना शब्दांची वस्त्रे चढवण्याची एक परंपराच होती. तिला भूतसंख्या म्हणतात. चंद्र म्हणजे एक, डोळे म्हणजे दोन, अग्नी म्हणजे तीन, वेद म्हणजे चार, बाण म्हणजे पाच, सूर्य म्हणजे बारा, नक्षत्रे म्हणजे सत्तावीस, आकाश म्हणजे शून्य. एका संख्येला अनेक पर्याय. एकासाठी चंद्र, इंदू, शशी, भूमी, मही. ज्या जागी जो लघु-गुरूंत बसेल तो घ्यावा. वर्तुळाचा व्यास व परीघ यांचे गुणोत्तर भास्कराचार्यांनी ३९२७ भागिले १२५० असे दिले आहे, म्हणजे ३.१४१६. यातला ३९२७ हा आकडा त्यांनी नक्षत्रे, नंद आणि अग्नी या तीन शब्दांत बसवला आणि १२५० हा आकाश, बाण आणि सूर्य यांत. व्यवहारापुरते बावीस सप्तमांशही चालेल, असेही त्यांनी शेजारीच सांगून ठेवले. नक्षत्रांपासून अग्नीपर्यंतची ही वाट चालताना आपण एका भागाकाराकडे निघालो आहोत, हे क्षणभर विसरायला होते!

लीलावती कोण होती? कथा सर्वांनी ऐकली आहे. मुलीच्या पत्रिकेत वैवाहिक सुख नव्हते. एकच शुभ घटिका होती. पित्याने घटिकापात्र पाण्यात सोडले. उत्सुकतेने वाकून पाहणाऱ्या मुलीच्या अंगावरचा एक मोती त्यात पडला, छिद्र बुजले, आणि मुहूर्त निघून गेला. दुःखी पित्याने तिच्या नावाने ग्रंथ लिहून ते नाव अजरामर केले. कथा हृद्य आहे. परंतु ती भास्कराचार्यांच्या ग्रंथात नाही. अकबराच्या दरबारातील कवी फैजी याने १५८७ साली लीलावतीचा फारसी अनुवाद केला, त्याच्या प्रस्तावनेत ती आढळते. मूळ ग्रंथात कधी हरिणाक्षीला, कधी मित्राला, तर कधी व्यापाऱ्याला उद्देशून उदाहरणे घातली आहेत. तेव्हा लीलावती ही कन्या होती की केवळ ग्रंथाचे सुंदर नाव, याचा निकाल लागत नाही. मला मात्र एक गोष्ट महत्त्वाची वाटते. गणित शिकवताना समोर कोणीतरी आपले माणूस बसले आहे, असे धरून हा ग्रंथ बोलतो. माझ्याशी शाळेत गणित असे कधी बोलले नव्हते.

आणि उदाहरणे तरी कशी! भुंग्यांचा थवा आहे. त्याच्या निम्म्याच्या वर्गमूळाइतके भुंगे मालतीकडे गेले, थव्याचे आठ नवमांशही तिकडेच गेले. मागे राहिला कमळात कोंडला गेलेला एक भुंगा, आणि बाहेर त्याच्यासाठी गुणगुणणारी त्याची सहचरी. तर थवा केवढा? उत्तर बहात्तर. दुसरीकडे नऊ हात उंच खांबावर मोर बसला आहे. खांबाच्या मुळाशी बीळ, आणि सत्तावीस हातांवरून साप बिळाकडे येतो आहे. दोघांचा वेग सारखा. मोराने झडप घातली, तर साप बिळापासून किती हातांवर सापडेल? बारा. कर्णाशी लढणाऱ्या अर्जुनाच्या भात्यात किती बाण होते, हाही प्रश्न आहे. त्याचे उत्तर शंभर. वर्गसमीकरण आणि काटकोन त्रिकोण यांना त्यांनी बाग, रान आणि रणांगण दाखवले. यात कविता ही गणितावरची नक्षी नव्हे. चित्र डोळ्यांसमोर उभे राहिले, की समीकरण आपोआप मांडता येते. प्रश्न समजणे म्हणजे चित्र पाहणे, हे त्यांनी ओळखले होते.

आता गायत्रीकडे येतो. चोवीस अक्षरे, प्रत्येक अक्षर लघु तरी असेल नाहीतर गुरू. म्हणून दोनाला दोनाने गुणत चोवीस वेळा जायचे. एकूण प्रकार १,६७,७७,२१६! ज्या लघु-गुरूंच्या खुणा मी वहीत हौसेने करीत होतो, ते गणितच होते. फक्त त्याचे नाव मला कोणी सांगितले नव्हते. त्याच ओघात सहा रसांचे एकेक, दोन-दोन, तीन-तीन असे मिश्रण करून त्रेसष्ट प्रकारच्या चवी होतात, हेही ते सांगतात. दहा हातांच्या शंकराच्या हाती दहा आयुधे अदलून-बदलून दिली तर मूर्तीचे प्रकार ३६,२८,८०० होतात. छंदशास्त्र, स्वयंपाकघर आणि देव्हारा, सगळीकडे एकच नियम.

बीजगणितात तर भाषेची गंमत आणखी खोल आहे. अज्ञात राशींना भास्कराचार्यांनी आणि त्यांच्या पूर्वसूरींनी रंगांची नावे दिली. पहिली यावत्तावत्, मग काळी, निळी, पिवळी, तांबडी. आणि लिहिताना त्यांची आद्याक्षरे. संस्कृतात वर्ण म्हणजे रंग आणि वर्ण म्हणजे अक्षरही. एका शब्दाच्या दोन अर्थांवर जणू सारे बीजगणित तोलून धरले आहे. एकसष्टने गुणलेल्या वर्गात एक मिळवला असता पुन्हा पूर्ण वर्ग व्हावा, अशा संख्या त्यांनी चक्रवाल पद्धतीने काढून दाखवल्या. त्या २२,६१,५३,९८० आणि १,७६,६३,१९,०४९. हाच प्रश्न फ्रान्सच्या फर्माने १६५७ मध्ये युरोपातील गणितज्ञांपुढे आव्हान म्हणून टाकला, तेव्हा भास्कराचार्यांच्या उत्तराला पाच शतके उलटून गेली होती.

परंतु चरित्र लिहायचे म्हणजे केवळ आरती ओवाळायची नव्हे. शून्याने भागले असता येणाऱ्या राशीला त्यांनी खहर म्हटले, आणि तिचे वर्णन करताना अनंत विष्णूची उपमा दिली. प्रलयात सारी भूते त्याच्यात शिरोत वा सृष्टीच्या वेळी बाहेर पडोत, त्याच्यात फरक पडत नाही. तसेच या राशीत काही मिळवा वा वजा करा. उपमा अपूर्व आहे. अनंताची कल्पना एवढ्या थोडक्यात दुसऱ्या कशाने मनात उतरली असती? पण पुढे याच राशीला शून्याने गुणले की मूळ संख्या परत मिळते, असे ते मानतात. आजचे गणित हे मान्य करीत नाही. उपमा वाट दाखवते, पण सिद्धतेचे काम उपमेला जमत नाही. पृथ्वीत आकर्षणशक्ती आहे व तिच्यामुळे जड पदार्थ तिच्याकडे ओढले जातात, असे त्यांनी गोलाध्यायात सांगितले. त्यावरून न्यूटनच्या आधी सारे आपल्याकडे होते, असे आपण सभांतून ऐकतो. तेही बरोबर नाही. आकर्षणाचा मोजमापाचा नियम त्यांनी मांडला नव्हता, आणि पृथ्वी स्थिर आहे असेच ते मानत. त्यांचे खरे मोठेपण सांगायला असल्या कुबड्यांची गरज नाही. ग्रहाची दिवसाची सरासरी गती वेगळी आणि त्या क्षणाची गती वेगळी, हा सूक्ष्म विचार त्यांनी केला. ज्या अतिसूक्ष्म फरकांच्या गणितावर पुढे कलनशास्त्र उभे राहिले, त्याच्या उंबरठ्यापर्यंत ते पोचले होते.

पद्याची मर्यादाही त्यांना पुरती ठाऊक होती. म्हणून आपल्याच ग्रंथावर त्यांनी ‘वासनाभाष्य’ ही गद्य टीका लिहिली. श्लोकात नियम आणि गद्यात त्या नियमाचे कारण. पाठांतरासाठी कविता, पटण्यासाठी गद्य. शास्त्राला दोन्ही पाय लागतात. आम्हां कलाशाखीयांना हे विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे.

गोलाध्यायात तर कवी आणि शास्त्रज्ञ हातात हात घालून चालतात. गोलाचे ज्ञान नसलेला ज्योतिषी म्हणजे तुपाविना पक्वान्न, राजाविना राज्य आणि वक्त्याविना सभा, असे ते बजावतात. पृथ्वी गोल असून सपाट का दिसते, तर परिघाचा शंभरावा भाग सरळच भासतो आणि माणूस तर फारच लहान, असा त्यांचा साधा खुलासा आहे. वेध घेण्याची यंत्रे वर्णन करून झाल्यावर सर्वांत श्रेष्ठ यंत्र बुद्धी, असेही ते म्हणतात. आणि मग, ग्रहांच्या आकडेमोडीच्या ऐन मध्यावर, सहा ऋतूंचे वर्णन करणारे एक स्वतंत्र प्रकरण येते! ज्या सूर्याच्या गतीने ऋतू होतात, त्या गतीचे गणित करणाऱ्याने ऋतूंचे सौंदर्य का पाहू नये?

वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, ११८३ साली, त्यांनी ‘करणकुतूहल’ हा पंचांगकर्त्यांना सोपा पडेल असा ग्रंथ रचला. त्यांचे पुत्र लक्ष्मीधर यांना यादव राजा जैत्रपालाने आपल्या दरबारी नेले; नातू चांगदेव सिंघण यादवाचा प्रमुख ज्योतिषी झाला. या चांगदेवाने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी पाटण येथे मठ स्थापन केला. तेराव्या शतकाच्या आरंभीचा त्याचा शिलालेख मुंबईच्या डॉ. भाऊ दाजींनी उजेडात आणला व १८६५ मध्ये प्रसिद्ध केला. लेखाचा बराच भाग संस्कृत पद्यात आहे. पण अखेरचा भाग मराठीत! बाजारात येणाऱ्या मालावर मठासाठी काय द्यायचे, तेलाच्या घाण्यामागे किती तेल द्यायचे, हे त्यात सांगितले आहे. देणारे गावचे लोक होते. त्यांना समजायला हवे म्हणून ती मराठी. ज्ञानेश्वरीच्या ऐंशी वर्षे आधी गणिताच्या मठासाठी मराठी दगडावर कोरली गेली, हे वाचून माझा ऊर भरून आला.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो. कोकणात मुरूडजवळच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी १५४५ मध्ये लीलावतीवर ‘बुद्धिविलासिनी’ टीका लिहिली. फैजीचा फारसी अनुवाद वर आलाच आहे. १८१७ मध्ये कोलब्रुकच्या इंग्रजी अनुवादाने ती जगापुढे गेली. २०१० साली हैदराबादला भरलेल्या जागतिक गणित परिषदेत, लोकांपर्यंत गणित पोचवणाऱ्यास द्यायच्या पुरस्काराला लीलावतीचे नाव दिले गेले.

आता घरची एक गोष्ट सांगून संपवतो. माझे आजोबा भाईंदरच्या मिठागरात काम करीत. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. मिठाची रास लागली, की ते तिच्याभोवती पावले टाकीत एक फेरी मारत, उंचीकडे नजर टाकत आणि किती गोणी भरतील ते सांगत. फरक पडलाच तर थोडका. खाडीकाठच्या त्या मिठागरांपैकी बरीच आता बंद पडली आहेत, आजोबाही गेले. लीलावतीत ‘राशिव्यवहार’ हे प्रकरण वाचताना मी थबकलो. धान्याच्या राशीच्या परिघाचा सहावा भाग घ्यावा, त्याचा वर्ग करून उंचीने गुणावे. परीघ साठ हात, उंची सहा हात, तर घनफळ सहाशे घनहात. आजच्या काटेकोर गणिताने ते ५७३ च्या आसपास येते. पण खळ्यावर उभ्या असलेल्या माणसाला तेवढे पुरे. रास भिंतीला टेकलेली असेल, कोपऱ्यात असेल, तर काय करावे तेही सांगितले आहे. आजोबांनी हा नियम ऐकला नसणार. पण त्यांची ती फेरी आणि हा श्लोक यांच्यात मला नाते दिसले. याच घनफळाच्या गणितात मी शालान्त परीक्षेला गटांगळी खाल्ली होती!

माझी धाकटी बहीण नववीत आहे. सहामाहीत गणितात कमी गुण पडले, तेव्हा आपल्यालाही दादासारखेच कला शाखेला जायचे आहे, असे तिने रडत रडत जाहीर केले. मी तिला लीलावतीतले कमळ सांगितले. कळी पाण्यावर अर्धा हात; वाऱ्याने झुकून दोन हातांवर बुडाली; तर पाणी किती खोल? तिने आधी तळे काढले, मग कमळ, मग वाकलेला देठ. काटकोन त्रिकोण तिला तिच्या चित्रातच दिसला. दोनदा चुकली, तिसऱ्या वेळी पावणेचार हात उत्तर आले. ती गणितात पास होईल की नाही, हे मी सांगू शकत नाही. कला शाखेला ती आली तर मला आनंदच होईल. पण तिने आवडीने यावे, माझ्यासारखे घाबरून पळत येऊ नये, एवढीच इच्छा आहे.

लीलावतीच्या शेवटी भास्कराचार्यांनी एक श्लेष केला आहे. लीलावती ज्यांच्या कंठी असेल त्यांचे सुख वाढत जाते, असा त्याचा आशय. कंठी म्हणजे गळामिठीत, आणि कंठी म्हणजे मुखोद्गत. गणिताचे पुस्तक बंद करताना अशी थट्टा करणाऱ्या या थोर पुरुषाला, गणितात काठावर पास झालेल्या एका विद्यार्थ्याचे विनम्र अभिवादन!